चारी बाजू मोजल्या, कर्ण मोजला का?



आठवी-नववीतल्या मुलांना कोणता विषय जड जातो असे विचारले, तर बहुतेक जण गणित म्हणतात. गणितातले काय जड जाते असे पुढे विचारले, तर उत्तर येते, भूमिती. प्रमेय पाठ करायचे, आकृती पाठ करायची, 'पक्ष', 'साध्य' आणि 'सिद्धता' हे शब्दही पाठ करायचे, आणि परीक्षा संपली की सारे विसरून जायचे, अशी आपल्या वस्तीतल्या अनेक मुलांची भूमिती असते. त्यात मुलांचा दोष आम्हाला दिसत नाही. हे सारे कशासाठी, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

गंमत अशी, की ज्या घरातली मुले भूमितीला घाबरतात, त्याच घरातला कर्ता माणूस दिवसभर भूमितीच करत असतो. गवंडी, सुतार, फॅब्रिकेशनवाला, लेथवर उभा राहणारा कामगार, शिलाई मशीनवर बसणारी भगिनी, या सगळ्यांचे निम्मे काम काटकोनावर चालते. मुलाच्या कंपासपेटीत प्लॅस्टिकचे दोन त्रिकोणी तुकडे असतात. पुस्तकात त्यांना गुण्या म्हणतात. बापाच्या पिशवीत थापी, ओळंबा आणि सुतळी यांच्याबरोबर दोन लोखंडी पट्ट्यांचा एक कोन असतो. कामावर त्यालाही गुण्याच म्हणतात. नाव एकच आणि कामही एकच, पण एकाच घरातल्या या दोन गुण्यांची एकमेकांशी ओळख नाही. ती ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख.

ही ओळख नसली म्हणजे परीक्षेतले चार-पाच मार्क जातात एवढेच नव्हे. पदरचे पैसेही जातात.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जोडपे प्लॉटचे कागद घेऊन आले. फंडातून काढलेले पैसे आणि बचत गटाचे कर्ज, असे मिळून त्यांनी शहराबाहेर जागा घेतली होती. कागदावर ३० बाय ४०, म्हणजे १२०० चौरस फूट. विकणाऱ्याने टेप लावून चारी बाजू मोजून दाखवल्या होत्या. ४०, ३०, ४०, ३०. एक इंचही कमी भरला नाही. विश्वास बसला, सह्या झाल्या. पाया आखायला गवंडी आला, तेव्हा त्याने समोरासमोरच्या कोपऱ्यांत सुतळी ताणली. एकीकडून ४५ फूट भरले आणि दुसरीकडून साडेचौपन्न. तो म्हणाला, "ताई, चारी बाजू बरोबर हायत, पर जागा गुण्यात न्हाई. पार कलंडलीया."

कलंडली म्हणजे किती गेली, हा हिशेब पुढे करूच. त्याआधी काटकोन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

काटकोन म्हणजे नेमके काय?

'९० अंशांचा कोन म्हणजे काटकोन' हे सर्वांना पाठ असते. पण अंश माहीत नसले, कोनमापक नसला, तरी काटकोन समजतो आणि करताही येतो. त्यासाठी एक कागद पुरे. हा अंक वाचून झाल्यावर त्याचे एक पान घ्या. कडा फाटलेल्या, वेड्यावाकड्या असल्या तरी चालेल. पानाला कशीही एक घडी घाला आणि नखाने दाबा. ही झाली सरळ रेषा. आता ही घडीची कड स्वतःवरच तंतोतंत बसेल अशी दुसरी घडी घाला. जो कोपरा तयार झाला, तो काटकोन. दाराच्या चौकटीला, वहीला, फरशीला लावून पाहा.

असे का होते? सरळ रेषेवरचा कोन १८० अंशांचा. दुसऱ्या घडीने आपण त्याचे दोन भाग केले. एक भाग दुसऱ्यावर बरोबर बसला, म्हणजे दोन्ही सारखे. म्हणून प्रत्येक भाग ९० अंशांचा. युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास काटकोनाची व्याख्या अशीच केली आहे. एका रेषेवर दुसरी रेषा अशी उभी राहिली, की तिच्या दोन्ही बाजूंचे कोन सारखे झाले, तर तो प्रत्येक कोन काटकोन. त्यात अंशांचे नावही नाही. उभी रेषा कोणत्याही बाजूला झुकलेली नाही, एवढेच त्यात सांगितले आहे.

राजारामपुरीच्या गल्ल्या

मुलांना काटकोन रस्त्यावर दाखवायचा, तर आपल्या राजारामपुरीइतकी चांगली शाळा नाही. जुन्या कोल्हापुरातल्या पेठांत फिरा. तिथले रस्ते माणसांच्या आणि बैलगाड्यांच्या वहिवाटीने पडलेले. बोळ वळतात, अरुंद होतात, पुन्हा रुंद होतात. राजारामपुरी तशी नाही. १९२२ ते १९४० या काळात गादीवर असलेल्या छत्रपती राजाराम महाराजांचे नाव असलेली ही वस्ती आखून वसवलेली आहे. मधे मेन रोड, आणि त्याला मिळणाऱ्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकांच्या गल्ल्या. नवखा पाहुणा नुसत्या गल्लीच्या क्रमांकावर घर शोधून काढतो.

रस्त्याला गल्ली काटकोनात मिळाली, की दोन गल्ल्यांमधली जागा चौकोनी राहते. चौकोनी जागेचे प्लॉट चौकोनी पडतात आणि चौकोनी प्लॉटवर खोल्या सरळ बसतात. रस्ता तिरका आला की कोपऱ्यावरचा प्लॉट त्रिकोणी होतो, आणि त्याच्या टोकात धड खाटही मावत नाही. शेजारच्या शिवाजी उद्यमनगरात गेलात, तर तिथेही हेच. लेथवर जॉबचे फेसिंग करतात, म्हणजे जॉबचा तोंडाकडचा भाग त्याच्या अक्षाला काटकोनात आणतात. तो काटकोन चुकला तर पुढे जोडणी बसत नाही.

बारा गाठींची दोरी

आता जमिनीवर काटकोन कसा काढायचा ते पाहू. सगळ्यात सोपी रीत गवंड्याची. एका दोरीवर सारख्या अंतराचे बारा भाग करा, प्रत्येक भाग एक फुटाचा. दोरीची टोके एकत्र बांधा. आता तिघांनी तीन ठिकाणी दोरी धरून ताणायची, अशी की एका बाजूला ३ भाग, दुसऱ्या बाजूला ४ आणि तिसऱ्या बाजूला ५ यावेत. ३ आणि ४ यांच्या मधला कोपरा काटकोनच होतो. दुसरे काही होऊच शकत नाही, कारण तिन्ही बाजू ठरल्या की त्रिकोणाचा आकार पक्का ठरतो.

याचे कारण पाठ्यपुस्तकात आहे. काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरची बाजू म्हणजे कर्ण. कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, आणि २५ म्हणजे ५ चा वर्ग. हेच पायथागोरसचे प्रमेय. आणि याच्या उलटही खरे आहे, म्हणजे बाजूंचा हिशेब असा जमला तर कोन काटकोन असतोच. गवंडी वापरतो तो हा उलटा भाग. ६-८-१०, ९-१२-१५, १२-१६-२० हे त्याच त्रिकोणाचे मोठे भाऊ. ५-१२-१३ हा निराळा, पण तोही चालतो.

पायथागोरस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. पण त्याच्या हजारभर वर्षे आधी बॅबिलोनच्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर असे आकडे कोरून ठेवलेले सापडले आहेत. आपल्या देशात यज्ञवेदी आखण्यासाठी लिहिलेल्या शुल्बसूत्रांत हाच नियम आहे. शुल्ब म्हणजे दोरी. सूत्रे कोणाची, त्यांची नावे राहिली. दोरी कोणी ताणली, विटा कोणी पाडल्या आणि भाजल्या, त्यांची नावे कुठे लिहिली गेली नाहीत. पण काटकोन त्यांच्याही हातात होता, हे विसरता येत नाही.

याचा मोठा पुरावा आपल्या लेण्यांत आहे. अजिंठ्याचे पहिल्या क्रमांकाचे लेणे हे विहार आहे. त्याचा मधला मंडप जवळजवळ चौरस, प्रत्येक बाजू सुमारे ६४ फूट. आपल्या जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची लेणी आहेत, तिथेही खांबांचा मंडप आणि बाजूने भिक्खूंच्या खोल्या कोरलेल्या आहेत. घराची भिंत वाकडी झाली तर पाडून पुन्हा बांधता येते. डोंगर कोरताना जास्त गेलेला दगड परत बसवता येत नाही. ज्यांनी छिन्नी-हातोड्याने इतका सरळ कोपरा साधला, त्यांना भूमिती येत नव्हती असे कोण म्हणेल?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दोरीचा त्रिकोण जितका मोठा, तितका काटकोन खरा. ३-४-५ फुटांच्या त्रिकोणात कर्णाला अर्ध्या इंचाची चूक झाली, तर ४० फूट लांबीच्या भिंतीच्या टोकाला सुमारे ८ इंचांचा फरक पडतो. तीच अर्ध्या इंचाची चूक १२-१६-२० फुटांच्या त्रिकोणात झाली, तर फरक जेमतेम २ इंचांचा. म्हणून जागा असेल तेवढा मोठा त्रिकोण धरावा. आणि ताणली की लांबणारी नायलॉनची दोरी घेऊ नये. टेप धरावी हे उत्तम.

खुंटी आणि दोरी

आकडे नकोत, टेपही नाही, तर दुसरी रीत आहे. जमिनीवर फक्कीने एक सरळ रेघ मारा. जिथे काटकोन हवा तिथे खुंटी ठोका. त्या खुंटीपासून रेघेवर डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच अंतरावर आणखी दोन खुंट्या ठोका. अंतर काठीने मोजले तरी चालेल. आता एक लांब दोरी घ्या. ती डाव्या खुंटीला बांधून टोकाने जमिनीवर कमान काढा. मग तेवढीच दोरी उजव्या खुंटीला बांधून दुसरी कमान काढा. दोन्ही कमानी जिथे छेदतील, तो बिंदू मधल्या खुंटीला जोडा. ही रेघ पहिल्या रेघेला काटकोनात उभी असते.

मुलांनो, ही रीत तुम्ही वहीवर कंपासने करता. 'रेषेवरील बिंदूतून लंब काढा' या प्रश्नात हेच असते. डावीकडे आणि उजवीकडे जे दोन त्रिकोण तयार होतात, त्यांच्या तिन्ही बाजू सारख्या, म्हणून ते एकरूप. एकरूप म्हणून मधल्या खुंटीपाशी असलेले दोन कोन सारखे. आणि दोघांची बेरीज १८०. सुरुवातीला केलेली कागदाची घडी आठवा. इथे घडीचे काम दोरीने केले, एवढाच फरक.

ताटावरचा काटकोन

तिसरी रीत स्वयंपाकघरातली. कागदावर ताट उपडे ठेवून वर्तुळ काढा. आता वहीचा कोपरा वर्तुळाच्या कडेवर कुठेही टेकवा. वहीच्या दोन कडा वर्तुळाला समोर जिथे छेदतील तिथे दोन खुणा करा आणि त्या जोडा. ही रेघ वर्तुळाचा व्यास असते. वही दुसरीकडे ठेवून पुन्हा करा, म्हणजे दुसरा व्यास मिळेल. दोन व्यास जिथे छेदतात तो मध्यबिंदू. गोल जॉबचा मध्य काढायचा असेल, तेव्हा वर्कशॉपमधला कामगार ही युक्ती वापरू शकतो.

हेच उलट केले, की काटकोन मिळतो. व्यासाची दोन टोके घ्या आणि वर्तुळावरचा कोणताही तिसरा बिंदू त्यांना जोडा. तिसऱ्या बिंदूपाशी काटकोन होतो. पुस्तकातले वाक्य आहे, 'अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो.' कारण पाहा. मध्यबिंदूपासून तिन्ही बिंदू सारख्याच अंतरावर, म्हणून दोन समद्विभुज त्रिकोण तयार होतात. एकाचे दोन कोन सारखे, दुसऱ्याचेही दोन कोन सारखे. मोठ्या त्रिकोणाच्या १८० अंशांत प्रत्येक जोडीतला एकेक कोन त्या तिसऱ्या बिंदूपाशी येतो. म्हणजे तिथे बरोबर निम्मे, ९० अंश. इतके समजले की हे प्रमेय पाठ करावे लागत नाही.

गुण्या खरा आहे का?

साधन बिघडले तर काम बिघडते. गुण्या हातातून पडतो, वाकतो, झिजतो. स्वस्तातला प्लॅस्टिकचा गुण्याही कधीकधी मुळातच खोटा निघतो. तो तपासायला दुसरा गुण्या लागत नाही. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून पेन्सिलीने उभी रेघ मारा. मग गुण्या पालथा करा, म्हणजे डावीकडचा उजवीकडे जाईल, आणि त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. त्या व्ही अक्षरासारख्या फाकल्या तर गुण्या खोटा, आणि जितका फाका दिसतो त्याच्या निम्मी त्याची चूक.

ही रीत मुलांना आवर्जून दाखवावी. मोजण्याचे साधनही तपासून घेतले पाहिजे, नुसत्या विश्वासावर चालू नये, ही शिकवण पुढे अनेक ठिकाणी उपयोगी पडते.

आता प्लॉटचा हिशेब

वर सांगितलेल्या प्लॉटकडे येऊ. चारी बाजू ३० आणि ४० असूनही जागा कमी कशी भरते? चार काड्यांची टोके दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि एक कोपरा हलकेच ढकला. काड्यांची लांबी तीच राहते, पण चौकोन कलंडतो आणि आतली जागा कमी होत जाते. पूर्ण ढकलला तर काड्या एकमेकींना चिकटतात आणि आत काहीच उरत नाही. म्हणजे चार बाजूंवरून क्षेत्रफळ ठरत नाही. ते ठरायला पाचवे माप लागते. ते म्हणजे कर्ण, समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेघ.

३० बाय ४० चा प्लॉट गुण्यात असेल, तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट भरले पाहिजेत. ३-४-५ चीच ही दहापट. त्या जोडप्याच्या प्लॉटचा एक कर्ण ४५ भरला. आता हेरॉनचे सूत्र लावू, यालाच कोणी हीरोचे सूत्रही म्हणतात. कर्णाने प्लॉटचे दोन सारखे त्रिकोण केले, प्रत्येकाच्या बाजू ३०, ४० आणि ४५. बेरीज ११५, तिचे निम्मे ५७.५. त्यातून एकेक बाजू वजा केली की २७.५, १७.५ आणि १२.५ उरतात. या चारही आकड्यांचा गुणाकार सुमारे ३,४५,८९८ येतो. मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरवर त्याचे वर्गमूळ काढा, सुमारे ५८८ येईल. दोन त्रिकोणांचे मिळून ११७६ चौरस फूट.

म्हणजे १२०० चे पैसे देऊन ११७६ मिळाले. २४ चौरस फूट गेले. दर चौरस फुटाला २००० रुपये धरला तर ४८ हजार रुपये. पण खरे नुकसान याहून मोठे आहे. अशा कलंडलेल्या जागेत सरळ चौकोनी घर बसवायचे, तर लांबीतले जवळजवळ ६ फूट कोपऱ्यांत वाया जातात. घरासाठी उरतात ३४ बाय साडेएकोणतीस, म्हणजे सुमारे १००० चौरस फूट. जागा आणखी कलंडली आणि एक कर्ण ४० फुटांवर आला, तर क्षेत्रफळ १११२ वर येते. ८८ चौरस फूट, म्हणजे ८ बाय ११ ची एक खोलीच गेली! आणि चारी बाजू मात्र टेपला बरोबर.

त्या जोडप्याचे खरेदीखत झालेले होते आणि विकणाऱ्याने हात वर केले. म्हणून सांगतो, जागा पाहायला जाताना टेप, सुतळी आणि घरातले नववीतले पोर बरोबर न्या. खालील आकडे वहीत उतरवून ठेवा.

२० बाय ३० चा कर्ण ३६ फूट व सुमारे पाऊण इंच.
३० बाय ४० चा कर्ण ५० फूट.
३० बाय ५० चा कर्ण ५८ फूट व पावणेचार इंच.
एक गुंठा, ३३ बाय ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. कर्ण ४६ फूट ८ इंच.
१० बाय १२ च्या खोलीचा कर्ण १५ फूट व साडेसात इंच.

दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि दोन्ही कर्णही सारखे, असे दोन्ही जमले तरच जागा गुण्यात. नुसते कर्ण सारखे असून भागत नाही, कारण पुढची बाजू लहान आणि मागची मोठी अशा जागेतही ते सारखे येऊ शकतात. जागा मुळातच वेडीवाकडी असेल, तर एक कर्ण धरून दोन त्रिकोण करावेत, दोघांना हेरॉनचे सूत्र लावावे आणि बेरीज करावी.

अर्थात, घरच्या टेपचे माप हे सरकारी माप नव्हे. हद्दीचा वाद असेल किंवा व्यवहार मोठा असेल, तर भूमी अभिलेख खात्याची मोजणी मागावी आणि मोजणी नकाशाची प्रत पाहूनच पैसे द्यावेत. पूर्वी जमीन मोजायला साखळी आणि क्रॉस स्टाफ असे. क्रॉस स्टाफ म्हणजे डोक्यावर काटकोनात दोन फटी असलेली काठी. एका फटीतून रेघ धरायची आणि दुसऱ्या फटीतून काटकोन पाहायचा. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. यंत्र बदलले, पण काटकोन तोच आहे.

भगिनींच्या हातातला काटकोन

काटकोन फक्त पुरुषांच्या कामात असतो असे कोणी समजू नये. कापड म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांचा काटकोन. शिलाई करणाऱ्या भगिनीला ठाऊक असते, की कापड धाग्याला सरळ कापले नाही तर शिवलेला कपडा एका धुण्यात पिळवटतो. आणि गळ्याला लावायची पट्टी मुद्दाम तिरपी कापावी लागते, कारण तिरपे कापड ताणते, सरळ कापड ताणत नाही. कापडाचा चौकोन सरळ आहे की नाही हे त्या कसे पाहतात? कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालतात. कर्ण तपासण्याचीच ही रीत. आपला पंचशील ध्वज घरी शिवायला घ्या. पाच रंगांचे उभे पट्टे आणि सहाव्या पट्ट्यात तेच रंग आडवे. उभे-आडवे काटकोनात आले नाहीत, तर ध्वज फडकताना तिरका दिसतो.

मंडळाच्या तरुणांनाही हे उपयोगी आहे. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर. फक्की मारण्याआधी दोन्ही कर्ण १६.४० मीटर भरतात का ते पाहा. चौदा एप्रिलच्या मंडपाचे खांब रोवतानाही कर्ण मोजा, मग कनातीला सुरकुत्या पडणार नाहीत.

मुलांना काय सांगावे?

महात्मा जोतीराव फुले हे स्वतः बांधकामाच्या कंत्राटांच्या व्यवसायात होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना, प्राथमिक शाळेत हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवले जावे, अशी मागणी त्यांनी केली होती. कष्टकऱ्याच्या मुलाला शाळेत जे मिळेल ते त्याच्या जगण्याला उपयोगी पडावे, हा त्यामागचा विचार. आज शाळेत भूमिती आहे आणि घरात काम आहे. दोघांमधली भिंत पाडायला कोणत्याही आयोगाची गरज नाही. एक रविवार पुरतो.

येत्या रविवारी असे करा. बापाने मुलाला आपला गुण्या आणि सुतळी दाखवावी, आणि ३-४-५ कसे धरतात ते अंगणात किंवा गच्चीवर करून दाखवावे. मुलाने किंवा मुलीने वहीवर ९ अधिक १६ बरोबर २५ करून ते का जमते हे बापाला समजावून सांगावे. आईने कापडाची घडी घालून तिसरी रीत दाखवावी. मग सगळ्यांनी मिळून राहत्या खोलीचे दोन्ही कर्ण मोजावेत. बहुतेक खोल्यांत इंच-दोन इंचांचा फरक निघेल. तो का निघाला, यावर घरात चर्चा व्हावी.

आमचा अनुभव असा आहे, की बापाला प्रमेय येते हे ज्या मुलाला कळते, त्याची भूमितीची भीती निम्मी होते. आणि आपण आयुष्यभर केलेल्या कामाला पुस्तकात जागा आहे हे ज्या बापाला कळते, तो मुलाला "तू शिक, माझ्यासारखा अडाणी राहू नको" असे म्हणताना जरा थांबतो. शिकावे तर अवश्यच. पण ज्याच्या हाताने शेकडो घरांचे कोपरे सरळ उभे राहिले, त्याने स्वतःला अडाणी म्हणू नये.

आणि जागा घेताना, खोली बांधताना, फरशी बसवताना, समोरचा माणूस कितीही गोड बोलला, तरी एवढे विचारायला विसरू नका: चारी बाजू मोजल्या, कर्ण मोजला का?